शॉर्टवेव्ह ऐकायचंय, पण यादी कोणती हाताशी ठेवायची?

शॉर्टवेव्ह म्हणजे दूरदेशीची रेडिओ केंद्रं आपल्यापर्यंत आणणाऱ्या लहरी. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर एकदा मला 'पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ' या, अशा केंद्रांच्या वेळा नि फ्रिक्वेन्सी देणाऱ्या वार्षिक पुस्तकाची जुनी प्रत मिळाली. नावात 'पासपोर्ट' म्हणून विक्रेत्याने ती प्रवासाच्या पुस्तकांत लावली होती. घासाघीस करून घेतली आणि त्याच रात्री गच्चीवर रेडिओ घेऊन बसलो. रेडिओ नेदरलँड्स लावला, नुसती खरखर. रेडिओ ऑस्ट्रेलिया लावला, तिथेही खरखर आणि तिच्याआड चिनी भाषेत बोलणारी कुणी बाई. अँटेनाची वायर टाकीच्या पाइपला बांधून पाहिली, सेल बदलले. शेवटी टॉर्च लावून पुस्तकाचं आतलं पान उघडलं, तर आवृत्ती २००२ सालची. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये शॉर्टवेव्ह सोडली, रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ ला. गेल्या वर्षीच्या पंचांगावरून एकादशी धरली तर उपास भलत्याच दिवशी घडणार. त्यात पंचांगाचा काय दोष?

तेव्हापासून कुठलीही यादी, मासिक किंवा जाडजूड पुस्तक हातात आलं की मी दोनच गोष्टी आधी बघतो: हे कधीचं आहे आणि हे कशावरून बनवलंय, कागदावरून की कानाने ऐकून? पानांची संख्या, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावरचा महागडा रेडिओ या सगळ्याचा नंबर नंतर.

आधी स्वतःला विचारा: प्रश्न कुठला पडतो?

रेडिओपुढे बसलेल्या माणसाला तीन वेगवेगळे प्रश्न पडतात आणि प्रत्येकाला वेगळ्या मांडणीची यादी लागते.

रात्रीचे नऊ वाजलेत, आत्ता काय लागेल? यासाठी वेळेनुसार लावलेली यादी हवी. बटण फिरवताना अचानक एक अनोळखी भाषा सापडली, हे कोण? इथे फ्रिक्वेन्सीनुसार लावलेली यादी लागते. आणि रोमानियाचं इंग्रजी प्रक्षेपण मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायचंय, ते कुठे नि केव्हा? यासाठी देशानुसार किंवा केंद्रानुसार लावलेली.

नवशिके बहुतेक वेळा देशांच्या नावांची यादी घेतात, कारण ती वाचायला छान वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीचे सहा महिने सगळ्यात जास्त पडतो तो वरच्या तिघांतला दुसरा प्रश्न, 'हे कोण?' म्हणून पहिली यादी फ्रिक्वेन्सीनुसार लावलेली घ्या. एकच माहिती तिन्ही मांडण्यांत मिळत असेल तर उत्तमच.

वर्षाचं पुस्तक: घ्यावं, पण वेळापत्रक म्हणून नाही

या छंदातलं एक जुनं नाव म्हणजे 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक'. डेन्मार्कच्या ओलुफ लुंड योहानसेन यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती १९४७ ची. २०२२ ची आवृत्ती शेवटची असं जाहीर झालं होतं. मग जर्मनीतल्या एका प्रकाशकाने ते हाती घेतलं आणि २०२३ ची आवृत्तीही निघाली.

या पुस्तकात जगातल्या प्रत्येक देशाची रेडिओ केंद्रं, त्यांचे पत्ते, ट्रान्समीटरची ठिकाणं आणि शक्ती, आंतरराष्ट्रीय प्रक्षेपणं आणि मागे फ्रिक्वेन्सीची कोष्टकं असतात. पत्त्यांसाठी आणि 'या देशात नक्की कोण कोण प्रक्षेपण करतं' हे समजायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण वर्षातून एकदा छापलेल्या पुस्तकातल्या वेळा वर्षभर कशा टिकणार? १५ मार्च २०२५ ला व्हॉइस ऑफ अमेरिकाची बहुतेक प्रक्षेपणं एका दिवसात थांबली. त्या वर्षीची सगळी छापील पुस्तकं त्याच दिवशी तेवढ्यापुरती शिळी झाली.

तेव्हा हे पुस्तक दरवर्षी घ्यायची गरज नाही. तीन-चार वर्षांतून एकदा पुरे. दोघा-तिघा मित्रांनी मिळून घेतलं तर आणखी बरं.

'पासपोर्ट'ची शेवटची आवृत्ती २००९ ची. त्यातल्या वेळा आज कुचकामी आहेत, तरी रद्दीच्या भावात मिळालं तर सोडू नका. त्यातल्या निळ्या पानांवर प्रत्येक फ्रिक्वेन्सीपुढे चोवीस तासांची पट्टी काढून, कोण कुठल्या तासाला असतो ते रेघांनी दाखवलेलं असे. एका नजरेत कळायचं की या जागी संध्याकाळी तिघांची गर्दी आहे आणि पहाटे कुणीच नाही. स्वतःची वही कशी आखावी हे मी त्या पानांवरूनच शिकलो. रिसीव्हरच्या परीक्षणांची पानंही जुना रेडिओ विकत घेताना उपयोगी पडतात.

हंगामी याद्या: खरं काम यांचं

शॉर्टवेव्हचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. त्याचे दोन हंगाम असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी 'ए' हंगाम सुरू होतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी 'बी'. नावात साल जोडतात: ए२५, बी२५. आपल्याकडे घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे हा बदल आपल्याला जाणवत नाही. मात्र रेडिओवर त्या रविवारी निम्मी केंद्रं जागा बदललेली दिसतात. युरोपातली घड्याळं सरकतात हे एक कारण. दुसरं म्हणजे शॉर्टवेव्हच्या लहरी परतवून दूरवर पोचवणारा वातावरणातला उंचावरचा थर, म्हणजे आयनमंडल, त्याची स्थिती उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलते, म्हणून केंद्रंही सोयीचे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, निवडतात.

फुकट मिळणाऱ्या याद्यांत दोन नावं पक्की लक्षात ठेवा.

पहिली एचएफसीसीची. ही प्रक्षेपण संस्थांची समन्वय परिषद आहे. एकमेकांच्या फ्रिक्वेन्सीवर पाय पडू नये म्हणून ही मंडळी वर्षातून दोनदा बसून वाटप करतात आणि हंगामाची नोंदणी यादी सगळ्यांसाठी खुली असते. तीत ट्रान्समीटरची शक्ती, झोताची दिशा अंशांत आणि लक्ष्य प्रदेशाचे क्रमांक असतात. भारतीय उपखंड शोधायचा तर ४१ हा आकडा बघायचा.

दुसरी आयबीची. आइके बीअरविर्थ या जर्मन छंदिष्टाच्या नावावरून ती तशी ओळखली जाते. ती फ्रिक्वेन्सीनुसार, वेळेनुसार आणि स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशी, तिन्ही प्रकारांत मिळते आणि हंगामाच्या मधेही दुरुस्त होत राहते.

दोन्हींतला फरक एसटी स्टँडवरच्या उदाहरणाने सांगतो. एचएफसीसी म्हणजे स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक. त्यात नाव असलेली प्रत्येक गाडी सुटेलच असं नाही. संस्था जागा धरून ठेवतात आणि प्रत्यक्षात ट्रान्समीटर चालूच करत नाहीत. आयबी म्हणजे स्टँडसमोरचा चहावाला. तो सांगेल, 'ती सातची गाडी? कधीच बंद झाली. साडेसातची येते, पण फक्त बाजाराच्या दिवशी.' रोज ऐकायला आयबी घ्या. शक्ती आणि झोताची दिशा बघायची असेल तेव्हाच एचएफसीसी उघडा.

एक ओळ हातात घेऊन वाचू

नमुना म्हणून अशी ओळ धरा:

११८०० | १५३०–१६०० | सोम ते शुक्र | इंग्रजी | दक्षिण आशिया

पहिला आकडा किलोहर्ट्झमधला. मीटर बँडमध्ये म्हणायचं तर हा २५ मीटर, म्हणजे साधारण ११,६०० ते १२,१०० किलोहर्ट्झचा पट्टा. जुन्या रेडिओवर आकडे मेगाहर्ट्झमध्ये असतील तर दशांश चिन्ह तीन घरं डावीकडे सरकवा, ११.८००.

वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवा. १५३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९. एकदा उलट हिशेब करून ठेवा: संध्याकाळी ६ ते रात्री ११ या वेळात ऐकत असाल तर तुमच्यासाठी यादीचा १२३० ते १७३० एवढाच तुकडा कामाचा. स्प्रेडशीटमध्ये तेवढाच गाळून घेतला की हजारो ओळींतून तुमच्या कामापुरत्याच राहतात.

वारापाशी खरी मेख आहे. यादीतला वार यूटीसीतला असतो. यूटीसी १८३० नंतर आपल्याकडे दुसरा दिवस लागलेला असतो. यादीत 'शनिवार २०००' असेल तर आपल्या घड्याळात ती रविवारची पहाट, दीड वाजता.

वार आकड्यांत लिहिलेले असतील तर आणखी सांभाळा. एचएफसीसीच्या यादीत १ म्हणजे रविवार, आयबीच्या यादीत १ म्हणजे सोमवार. एका यादीची सवय झालेली आणि दुसरी उघडली, असं झालं की चुकलंच. मी पत्रवाचनाचा एक साप्ताहिक कार्यक्रम लागोपाठ तीन आठवडे एक दिवस उशिरा लावत होतो आणि केंद्राला मनातल्या मनात शिव्या देत होतो. चौथ्या आठवड्यात यादीच्या डोक्यावरची बारीक अक्षरांतली टीप वाचली. म्हणून पहिला नियम असा: नवी यादी उघडली की आधी तिची खुणांची टीप वाचा. दहा मिनिटं जातील, तीन आठवडे वाचतील.

भाषेच्या रकान्यात बहुतेक जण फक्त इंग्रजी आणि हिंदी शोधतात. मराठीही शोधून बघा. अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओच्या आशियाई सेवेची सुरुवात १९७० च्या दशकात पुण्यातून झाली आणि त्यांच्या भाषांत मराठीही राहिली आहे. धार्मिक कार्यक्रम तुमच्या आवडीचा असो वा नसो, प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरून कुणीतरी मराठीत बोलतंय हे ऐकताना गंमत वाटतेच.

लक्ष्य प्रदेश 'दक्षिण आशिया' नाही म्हणून ओळ टाकून देऊ नका. चीनच्या युनान प्रांतातून पूर्व आफ्रिकेकडे निघालेला झोत वाटेत भारताच्या डोक्यावरूनच जातो. पश्चिम आशिया आणि आग्नेय आशियासाठीची प्रक्षेपणंही इथे बऱ्याचदा खणखणीत येतात. आणि केंद्राचा देश व ट्रान्समीटरचा देश एकच असतो असंही नाही. बीबीसीचा एक मोठा ट्रान्समीटर ओमानमध्ये आहे. ज्या यादीत ट्रान्समीटरचं ठिकाण दिलेलं नसेल ती अर्धवट समजा.

मासिकं: वाचायला घ्या, शोधायला नाही

मासिक छापून किंवा पीडीएफ होऊन तुमच्यापर्यंत येईतो त्यातल्या नोंदी चार-सहा आठवडे जुन्या झालेल्या असतात. त्यामुळे मासिकात वेळापत्रक शोधणं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका जुळवणं. मासिक घ्यायचं ते इतर श्रोते काय ऐकताहेत, कुठला रेडिओ कसा आहे आणि कुठलं केंद्र बंद व्हायच्या बेतात आहे, हे कळायला.

एकेकाळी अमेरिकेतलं 'मॉनिटरिंग टाइम्स' यात अग्रेसर होतं. १९८२ पासून चाललेलं ते मासिक डिसेंबर २०१३ च्या अंकाने थांबलं. जानेवारी २०१४ पासून त्याच वाटेवर 'द स्पेक्ट्रम मॉनिटर' सुरू झालं, फक्त डिजिटल. लेख चांगले असतात, पण वर्गणी भरण्याआधी एक अंक चाळून बघा. त्यातला मोठा भाग पोलिसांचे स्कॅनर, विमानतळांचे संवाद, हॅम रेडिओ (हौशी लोकांचं आपसातलं रेडिओ संभाषण) अशा अमेरिकी विषयांचा असतो. तुम्हाला फक्त परदेशी केंद्रं ऐकायची असतील तर निम्मे पैसे वाया जातील.

आपल्याला त्यापेक्षा ब्रिटिश डीएक्स क्लबचं 'कम्युनिकेशन' हे मासिक जास्त जवळचं वाटेल (डीएक्स म्हणजे दूरची केंद्रं पकडण्याचा छंद). यात सभासदांच्या ऐकलेल्या नोंदी असतात: कुठली फ्रिक्वेन्सी, किती वाजता, आवाज कसा. हाच क्लब वर्षातून दोनदा, हंगामानुसार, इंग्रजी प्रक्षेपणांची वेगळी पुस्तिका काढतो. इंग्रजीच ऐकणाऱ्याला एवढी एक पुस्तिका पुरेशी आहे, आणि वेळेनुसार लावलेली असल्यामुळे उशाशी ठेवायला सोयीची.

मासिक निवडताना ऐकलेल्या नोंदींचं पान आधी उघडा. नोंदी करणारे कुठले आहेत? सगळे ओहायो आणि ओंटारियोचे असतील तर त्यांच्या रात्री आपली सकाळ असते, त्यांना जे लागतं ते आपल्याला लागेलच असं नाही. भारत, श्रीलंका, जपान, निदान ऑस्ट्रेलियातल्या नोंदी असतील तर ते मासिक आपल्या कामाचं.

थोडं विषयांतर करतो. कार्यक्रम-पत्रिका ही परदेशाचीच गोष्ट आहे असं समजू नका. आपल्याकडे १९२७ मध्ये 'इंडियन रेडिओ टाइम्स' सुरू झालं, १९३५ च्या डिसेंबरात त्याचं 'इंडियन लिसनर' झालं आणि १९५८ पासून 'आकाशवाणी'. बंगालीत 'बेतार जगत' होतं, गुजरातीत 'नभोवाणी'. 'इंडियन लिसनर'चे जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर पडलेत. मुंबई केंद्राचं चाळीसच्या दशकातलं एखाद्या गुरुवारचं पान उघडा. किती वाजून किती मिनिटांनी कोण गाणार हे छापलेलं बघताना संध्याकाळ कशी जाते कळत नाही. शॉर्टवेव्हवर काही लावायला याचा काडीचा उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो.

शिळी यादी ओळखायच्या खुणा

इंटरनेटवर तारीख नसलेल्या पीडीएफ पोत्याने मिळतात. त्या तपासायला मी बंद झालेल्या केंद्रांचा आधार घेतो. यादीत बीबीसी हिंदी शॉर्टवेव्हवर दिसली तर ती ३१ जानेवारी २०२० च्या आधीची. रेडिओ ऑस्ट्रेलिया दिसलं तर २०१७ च्याही आधीची. रेडिओ नेदरलँड्स दिसलं तर २०१२ च्या पलीकडची, आणि स्विस रेडिओ इंटरनॅशनल दिसलं तर ती यादी वीस वर्षांपेक्षा जुनी आहे, खुशाल पुसून टाका.

हंगामाचं नाव (ए किंवा बी आणि साल) नसेल, यूटीसी की स्थानिक वेळ ते लिहिलेलं नसेल, किंवा सगळ्या वेळा पूर्ण तासावरच सुरू होऊन संपत असतील, तरी मला संशय येतो. ऐकून बनवलेल्या यादीत १४५७, १५२८ असले वेडेवाकडे आकडे सापडतात, कारण ट्रान्समीटर खरोखर तेव्हाच बंद होतो.

तीन संध्याकाळची परीक्षा

कुठलीही नवी यादी रोजच्या वापरात घेण्याआधी तिची परीक्षा घ्या. आधी रेडिओ आणि हवा ठीक आहे ना ते बघायचं. त्यासाठी ५,०००, १०,००० किंवा १५,००० किलोहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र शोधा. सेकंदासेकंदाला टिक ऐकू येईल. ती ऐकू येत असेल तर निदान त्या बँडवर रेडिओचा दोष नाही. ती कुठेच येत नसेल तर यादीला नावं ठेवण्याआधी घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून बघा.

मग यादीतल्या दहा ओळी निवडा. सगळ्या तुमच्या ऐकण्याच्या वेळेतल्या, दोन-तीन वेगवेगळ्या बँडवरच्या. लागोपाठ तीन संध्याकाळी त्याच दहा ओळी लावा आणि लागलं की खूण करा. एकाच संध्याकाळवर निकाल देऊ नका, आयनमंडल एखाद्या दिवशी रुसलेलं असतं. तीन संध्याकाळी मिळून दहांतल्या सहा-सात जरी लागल्या तरी यादी चांगली. तीन-चारच लागल्या तर ती कागदावरून बनवलेली आहे किंवा शिळी आहे.

शंका राहिली तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो. तिकडेही ती फ्रिक्वेन्सी मुकी असेल तर बहुधा प्रक्षेपणच नाही. मात्र 'बहुधा'च म्हणा, कारण आशियाकडे तोंड असलेला झोत युरोपात ऐकू येईलच असं नाही.

शेवटी आपली वही

विकत घेतलेली किंवा उतरवून घेतलेली यादी कितीही चांगली असली तरी ती सगळ्या जगासाठी बनवलेली असते. तुमच्या खिडकीतून, तुमच्या रेडिओवर, तुमच्या वेळात काय लागतं ते फक्त तुमच्या वहीत सापडेल.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानाला एक बँड: ४९, ४१, ३१, २५, २२, १९, १६, १३ मीटर. आडव्या रेघेवर संध्याकाळी ६ ते रात्री ११ चे तास आखा, भारतीय वेळेतच. जे केंद्र स्वतःच्या कानाने ऐकलं तेवढंच त्या जागी लिहा. पुढे आवाजाला पाचपैकी गुण आणि तारीख. यादीत वाचलं पण ऐकलं नाही, ते या वहीत येता कामा नये. ट्रान्समीटर कुठे आहे ते मात्र यादीतून बघून लिहा, म्हणजे वर्षभराने लक्षात येईल की तुमच्या घरात कुठल्या दिशेचं चांगलं येतं. माझ्या घराच्या पूर्वेला मोठी इमारत आहे, तरी चीन आणि व्हिएतनाम झकास येतात आणि मोकळ्या पश्चिमेकडचा युरोप कुंथत कुंथत. का ते अजून उलगडलेलं नाही.

हे सगळं पेन्सिलीनेच लिहा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी खोडरबर घेऊन बसायचं असतं.